एचडीभाऊंची कोरी तबकडी

भर मे महिन्यात, दुपारच्या लग्नात, मांडवातले पंखे बंद करायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वऱ्हाडी घामाने निथळत असायचे, म्हाताऱ्या पदराने वारा घेत असायच्या आणि हा गृहस्थ कॅमेऱ्यामागून हात वर करून ओरडायचा, “पंखा! अहो, तो पंखा बंद करा!” मंडपवाला ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मग हे कॅमेरा स्टँडवर तसाच सोडून स्वतः जायचे आणि बटण दाबून यायचे. नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला तरी चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. “घाम पुसता येतो मामा. आवाजातली घरघर नाही पुसता येत,” एवढं सुनावून ते पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावायचे. लोक त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचे. माझ्या लग्नात मीही घातल्या. पण त्या पंख्यापायी आमच्या घरातली एक गोष्ट वाचली, ती आमच्यापैकी कुणालाच परत मिळवता आली नसती.

लोणावळ्यापासून वराळ्यापर्यंत सगळे त्यांना एचडीभाऊ म्हणायचे. आमच्या भागात एचडी कॅमेरा पहिल्यांदा त्यांनी आणला आणि आणल्यावर तो कुणाच्या नजरेतून सुटणार नाही याची चोख व्यवस्था केली. “भाऊ, चहा घेणार का?” असं विचारलं तरी “घेतो की. हा फुल एचडी आहे बरं का,” असं उत्तर यायचं. नम्रपणा नावाच्या गुणाशी त्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती. केस काळेभोर रंगवलेले, शर्टाला दोन खिसे, एका खिशात लेन्स पुसायचं पिवळं फडकं आणि दुसऱ्यात बडीशेप. लग्नात जेवायला बसले की पानात काय वाढलंय यापेक्षा पानावर उजेड कुठून पडतोय याकडे त्यांचं लक्ष. मी तेव्हा लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर कामाला होते आणि हॉटेलातल्या कार्यक्रमांचं शूटिंग भाऊच करायचे, म्हणून त्यांचा हा सगळा तोरा मला जवळून बघायला मिळाला.

त्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. शेजारी चिक्कीचा कारखाना, त्यामुळे दुकानात पाऊल टाकलं की आधी पाकातल्या गुळाचा वास आणि मग भाऊ. लोणावळ्यात पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, तिथे लेन्सची काय कथा! म्हणून त्यांनी कॅमेऱ्यांच्या कपाटात झीरोचा बल्ब लावून ठेवला होता आणि तो बारा महिने जळायचा. लाइट गेली की इतर माणसं मेणबत्ती शोधतात. भाऊ कपाटाला हात लावून ते किती गार झालं ते बघायचे. गिऱ्हाईक अंधारात उभं आहे हे त्यांच्या गावीही नसायचं.

सीडी, डीव्हीडी असले शब्द ते वापरायचे नाहीत. त्यांच्या लेखी सगळ्या तबकड्याच. “भाकरी आणि तबकडी, दोन्ही मंद आचेवर,” हे त्यांचं आवडतं वाक्य. संगणक भराभर तबकडी काढून द्यायला तयार असायचा, पण भाऊ त्याला सगळ्यात सावकाश वेगावर लावायचे आणि समोर स्टूल घेऊन बसायचे. घाईने लिहिलेली तबकडी आज चालते आणि दोन वर्षांनी अडखळते, असं त्यांचं मत. गिऱ्हाइकाने “होतंय का?” म्हणून विचारलं तर म्हणायचे, “होतंय. तुमचं लग्न काय एका बैठकीत ठरलं होतं का?” घाटातून मालगाडी चढायला लागली की त्यांच्या दुकानाची काच थरथरायची. त्या थरथरीने तबकडी बिघडते अशी त्यांची पक्की समजूत होती, त्यामुळे मालगाडी लांब जाईपर्यंत ते कामाला सुरुवातच करायचे नाहीत. यात तथ्य किती होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी एकदा हसले तर मला म्हणाले, “तू रेल्वेवाल्याची पोरगी. तू गाडीचीच बाजू घेणार.”

एरवी लग्नाचं शूटिंग म्हणजे काय असायचं ते तुम्हाला आठवत असेल. नवरी बदामात, नवरदेव फुलात, दोघं मिळून ताजमहालापुढे आणि वर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. भाऊंना या बदामांचा मनापासून तिटकारा. “जसं झालं तसं,” हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. चित्र दाबायचं नाही, कापायचं नाही, त्यावर गाणं चढवायचं नाही. आता एवढं मोठं चित्र साध्या तबकडीत मावत नाही. मावायला दाबून बसवावं लागतं आणि दाबलं की नवरीच्या नाकातली नथ नुसता पिवळा ठिपका होऊन बसते. म्हणून भाऊंनी मुंबईहून नवं यंत्र आणलं. त्यातून निघणारी तबकडी दिसायला साध्या तबकडीसारखीच, पण पोटात कितीतरी जास्त मावायचं. “पाच वर्षं थांबा,” ते छाती पुढे काढून सांगायचे, “मावळात घराघरात हिचा प्लेअर असेल.”

तयार झालेली तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बघितल्याशिवाय ती दुकानाबाहेर पडायची नाही. परिणामी प्रत्येक घराच्या लग्नाला भाऊ दोनदा हजर असायचे आणि एकेका घराची माहिती त्यांना सोयऱ्यांपेक्षा जास्त. आमच्या हॉटेलातल्या एका मावशींना ते पहिल्या भेटीतच म्हणाले, “तुमची थोरली नणंद तुमच्याशी बोलत नव्हती ना मुलाच्या साखरपुड्यात? जेवताना बोलली पण. मी पाहिलं.” मावशींना आधी राग आला आणि मग त्यांनी हळूच विचारलं, “काय बोलली हो?”

माझं लग्न ठरलं तेव्हा शूटिंगला भाऊच हे मी जाहीर करून टाकलं. आमचं घर भाजे गावातलं. मळवली स्टेशनापासून चालत यायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत ट्रॅकमन होते. सगळी नोकरी लायनीवर, ऊनपावसात, लांबून गाडी दिसली की बरोबरच्या माणसांना आरोळी ठोकून बाजूला करण्यात गेली. त्यामुळे त्यांना हळू बोलणं जमायचंच नाही. मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून मीठ यायचं. आईने हात टेकले होते. मी हॉटेलातून घरी फोन केला तर आप्पा फोन कानापासून हातभर लांब धरून बोलायचे आणि तरीही रिसेप्शनवरच्या पाहुण्यांना मळवलीची सगळी खबरबात कळायची.

लग्न समाजमंदिरापुढच्या पटांगणात होतं. त्रिसरण, पंचशील झालं, फुलं पडली आणि मग नेहमीप्रमाणे भाषणं सुरू झाली. आप्पा उठले. कुणीतरी माइक पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. तेवढ्यात भाऊंची आरोळी आली, “पंखा!” मांडव घालणाऱ्याचे गाडीच्या चाकाएवढे पंखे एकेक करत थांबले आणि वऱ्हाडाने ‘अरे काय चाललंय’ म्हणून गलका केला. आप्पा मांडवाच्या मधोमध उभे राहून काहीतरी बोलले. लोक हसले, मग गप्प झाले. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि मी? माझ्या अंबाड्यातला गजरा सुटून मानेवर लोंबत होता आणि तो पडू नये म्हणून मी मान ताठ धरून बसले होते. आप्पा काय बोलले त्यातला एक शब्दही पुढे मला आठवला नाही.

शूटिंगवरून भाऊ आणि माझे धाकटे दीर यांचं चांगलंच वाजलं. दिरांना गाणी हवी होती, बदामही हवे होते. भाऊ म्हणाले, “गाणी ऐकायची तर रेडिओ लावा. लग्न कशाला पाहिजे?” शेवटी तोड निघाली. दिरांसाठी गाणी घातलेली साधी तबकडी आणि माझ्यासाठी नव्या यंत्रातली, जसं झालं तसं ठेवलेली मोठी तबकडी. दोन्ही घेऊन भाऊ स्वतः माझ्या सासरी, वराळ्याला आले. मोठी तबकडी कुठल्या प्लेअरवर चालते, कुठल्यावर चालत नाही, ती कशी धरायची, कशी पुसायची यावर त्यांनी ओसरीवर बसून एवढं मोठं व्याख्यान दिलं की शेवटी कुणाच्याच काही लक्षात राहिलं नाही. मामंजी मान डोलावत होते. भाऊ गेल्यावर त्यांनी विचारलं, “तो काय इकायला आला व्हता?”

गाण्यांची तबकडी आम्ही झिजेपर्यंत पाहिली. मोठी तबकडी एकदा आमच्या प्लेअरमध्ये घातली, तर नुसता निळा पडदा. सगळ्यांनी मिळून निकाल दिला की ती कोरी निघाली. मी त्या दिवसांत नव्या संसारात गळ्यापर्यंत बुडालेली. भाऊंना सांगायचं म्हणून ठेवलं आणि ते राहूनच गेलं.

मग वर्षं गेली. आप्पा रिटायर झाले, शेतीला लागले. एके वर्षी त्यांचा आवाज बसला आणि बसूनच राहिला. काढा झाला, मध झाला, गुळण्या झाल्या. आमचे आप्पा घोगरं बोलतात याची गावाला गंमत वाटायची. तपासण्या करायला पुण्याला नेलं तेव्हा घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ऑपरेशन नीट झालं. आप्पा घरी आले, जेवायला लागले, भाताच्या खाचरात उभे राहायला लागले. आम्हाला आणखी काय हवं होतं? काही हवं असलं की ते टाळी वाजवायचे. लायनीवरच्या सवयीने हात आडवा केला की थांब, वर केला की चल. आईही या नव्या भाषेत लवकर तरबेज झाली.

पण घरात फार शांत वाटायचं. मी माहेरी गेले की मला ते दारातच जाणवायचं. एकदा आई भांडी पुसत होती, ती मधेच थांबली आणि म्हणाली, “तुला सांगू का, त्यांचा आवाज मला आता याद येत न्हाई. इतकी वरसं कानाशी व्हता. तोंड डोळ्यापुडं येतं, बोलनं येत न्हाई.” मी घाबरले, कारण माझंही तेच झालं होतं. आमच्या फोनांमध्ये जे काही होतं ते सगळं आजारातलं, घोगरं. चांगल्या आवाजाच्या काळात आमच्याकडे असले फोनच नव्हते. आई म्हणाली, “तुज्या लग्नाच्या शूटिंगात आसंल की! त्यांनी भाषान केलं व्हतं.”

गाण्यांची तबकडी आणली. अडखळत अडखळत चालली. आप्पा मांडवाच्या मधोमध उभे राहिले, हात वर केला, ओठ हलायला लागले, आणि वर कुठलीतरी बाई सिनेमातलं बिदाईचं गाणं गात होती. शेवटपर्यंत. आप्पांच्या डोक्यावर एक बदामही येऊन गेला. आईने टीव्ही बंद केला आणि रिमोट उशीखाली ठेवला. त्या वेळी मला दिरांचा इतका राग आला की ते समोर असते तर काही खरं नव्हतं.

मग मला मोठी तबकडी आठवली. मी वराळ्याला येऊन सासूबाईंना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, “ती व्हय? आगं, ती कोरीच व्हती ना. म्हनलं वाया कशाला घालवायची? वालाच्या मांडवाला टांगली. पोपट लय तरास देत्यात.”

मी परसात धावले. वालाच्या मांडवाला सुतळीने बांधलेल्या चार-पाच तबकड्या वाऱ्यावर गरगरत होत्या. कुणाच्या बारशाची, कुणाच्या भजनाची. त्यातली आमची मी ओळखली ती भाऊंच्या अक्षरावरून. मधल्या कडेला त्यांनी बारीक अक्षरात ‘मूळ’ असं लिहिलं होतं, ते अजून दिसत होतं. बाकी सगळी उन्हाने पोळलेली, पावसाने फुगलेली, एका बाजूने पापुद्रा सुटलेली. मी ती पदरात घेऊन पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. सासूबाईंना काय झालं ते समजलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनाही तेव्हापासून दोन घास गोड लागेनात.

दुसऱ्याच दिवशी मी लोणावळा गाठलं. गल्लीत गुळाचा वास तसाच होता, पण भाऊंच्या दुकानात आता झेरॉक्सचं मशीन होतं, पासपोर्ट फोटोची पाटी होती आणि तबकड्यांचं यंत्र कोपऱ्यात कापडाखाली. त्यांनी छातीठोकपणे सांगितलेला प्लेअर मावळात कुणाच्याही घरी आला नव्हता. लोकांनी मधली पायरी गाळून थेट फोन हातात घेतले होते. केस मात्र काळेभोरच. मी तबकडी पुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून ती उजेडात धरली आणि विचारलं, “कुठे होती?”

मी सांगितलं. भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. “माझी तबकडी! पोपट हाकायला!” शेजारचा चिक्कीवाला पाक ढवळायचा सोडून बघायला आला. “अगं, अर्ध्या तालुक्याला तेव्हा चेहऱ्यावरचा तीळ दिसत नव्हता, तो मी तुला दाखवला, आणि तुम्ही तिला वालावर चढवलीत?” माझ्या डोळ्यांत पाणी बघून ते थांबले. मग मी आप्पांचं सांगितलं. ऑपरेशन, टाळ्या, आईला आवाज आठवत नाही ते, गाण्याच्या तबकडीत हलणारे ओठ. भाऊ खाली बसले. खिशातलं पिवळं फडकं काढून त्यांनी ती फुगलेली तबकडी उगीचच पुसली.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “तुमच्याकडे प्लेअर नाही ते मला दिसत होतं. पण मी म्हटलं, आज नाही तर उद्या घेतील. माझ्या उद्यावर माझा फार विश्वास.” मग ते उठले, दुकानाला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, “घरी चल. काकूच्या शिव्या खायची तयारी ठेव.”

भाऊंचं घर जवळच होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात इंद्रायणीच्या तांदळाचं पत्र्याचं पिंप होतं. भाऊंनी बाह्या दुमडल्या आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, ओट्याला टेकून उभ्या होत्या. “काढा, काढा,” त्या म्हणाल्या. “लोकांच्या घरी तांदळात कडुनिंबाचा पाला असतो, आमच्याकडे लोकांची लग्नं. भात शिजवायचा म्हटलं तरी मला धास्ती, एखादी वरात शिजायची पातेल्यात.”

दिलेल्या प्रत्येक मोठ्या तबकडीची एक जोड भाऊ कुणाला न सांगता काढून ठेवत होते. लोणावळ्याच्या दमट हवेवर त्यांना सापडलेला उपाय म्हणजे तांदूळ. तांदूळ ओल ओढून घेतो, आत उजेड जात नाही आणि उंदरांचा बंदोबस्त काकू करतात. चिक्कीच्या रिकाम्या खोक्यांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या तबकड्या एकेक करून बाहेर यायला लागल्या. कुसगावचं लग्न आलं, कार्ल्याची हळद आली, कुणाचं गृहप्रवेशाचं जेवण आलं. भाऊ प्रत्येकीवर फुंकर मारून नाव वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. पिंप रिकामं होत चाललं तशी मी प्रत्येक नाव त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागले. काकूंनी परात आणून तांदूळ उपसायला सुरुवात केली. अगदी तळाला एक खोकं होतं. भाऊंनी ते उघडलं, नाव वाचलं आणि माझ्या हातात दिलं. भाजे, त्याखाली माझं माहेरचं नाव.

दुकानात येऊन त्यांनी यंत्रावरचं कापड काढलं. सवयीने घाटाकडे कान दिला, मालगाडी नव्हती. पडद्यावर आमचं पटांगण आलं. ताज्या झेंडूचा रंग, नव्या सतरंजीच्या घड्या, आणि भन्तेजींच्या वंदनेचा आवाज, जणू शेजारच्या खोलीत चाललीय असा. माझा जीव भांड्यात पडला. भाषणं सुरू व्हायच्या आधीच भाऊंनी बटण दाबून ते थांबवलं. “पुढचं इथे नको,” ते म्हणाले. “ज्याचा आवाज आहे त्याच्या घरी ऐकू.”

भाऊ आता लोणावळ्यात नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद करून ते आणि काकू मुलीकडे नाशिकला गेले. जाण्याआधी त्यांनी स्कूटरवर मावळ पालथा घातला आणि पिंपातल्या तबकड्या ज्याच्या त्याच्या घरी पोहोचवल्या, सोबत पेनड्राइव्हमध्ये भरून. काही घरांत त्यांना चहा मिळाला, काही घरांत ‘हे काय आहे’ म्हणून विचारलं गेलं. ते निघाले तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. सामानात कॅमेऱ्याचं कपाट होतं आणि हमालाला ते पंचवीस सूचना देत होते. माझ्या हातात आजकाल कुणी फोन दिला आणि ‘ताई, जरा व्हिडिओ काढ’ म्हटलं, की मी काम झाल्यावरही फोन लगेच खाली करत नाही. माणसं सावध असतात तोवर भाषण करतात. खरं बोलतात ती त्यानंतर. हे मला तबकडी सापडल्यानंतरच्या रविवारी दुपारी आमच्या भाज्याच्या घरात कळलं.

त्या दिवशी भाऊ आपला प्लेअर चादरीत बांधून मळवलीला उतरले. मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. घरी आल्यावर आप्पांनी त्यांना हात जोडले आणि बसायला पाट पुढे सारला. भाऊंनी वायरी जोडल्या, टीव्हीचे रंग नीट केले, आप्पांना बरोबर समोर बसवलं. आईला म्हणाले, “वहिनी, तुम्ही पण बसा.” आई म्हणाली, “चहा ठेवते आदी.” तिची बसायची छाती होत नव्हती, हे मला दिसत होतं.

पडद्यावर आप्पा उठले. माइक बाजूला सारला. आणि घर भरून आवाज आला.

“पाव्हनं, मला माइक लागत न्हाई. माजा आवाज पार घाटात जातो.” लोक हसले. “माजी पोर लय बोलती. मी लायनीवरनं दमून यायचो आन् हिची टकळी सुरू. हिची आय म्हनायची, गप बस, बापाला झोपू दे. पन मला त्या बोलन्यातच झोप लागायची. आता ती तुमच्या घरात बोलंल. कामात चुकली तर सांगा. पन तिला गप बस म्हनू नका. येवडंच मागनं हाय. जय भीम.”

माझ्या सासरी मला आजवर कुणीही गप बस म्हटलेलं नाही. मी समजत होते, माणसं चांगली आहेत म्हणून. माणसं चांगली आहेतच. पण त्यांच्याकडे आधी कुणीतरी मागून ठेवलं होतं. मी आप्पांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. एकेक शब्द त्यांना पाठ होता.

भाषण संपलं. दुसऱ्या कुणी इथेच कॅमेरा बंद केला असता. भाऊंचा चालूच होता. लोक उठायला लागले, सतरंजीवरून पावलं गेली, आप्पा पडद्यातून बाहेर गेले. नुसता रिकामा मांडव दिसत होता. आणि बाजूने कुठून तरी त्यांची आरोळी आली, रोजची, घरातली.

“अगं ए! कुटं हायेस?”

“आले, आले!” आतून आई म्हणाली आणि पदराला हात पुसत लगबगीने बाहेर आली.

उंबऱ्यात ती थांबली. आप्पा समोर बसलेले. पडद्यावर रिकामा मांडव. आप्पांनी तिच्याकडे बघून हात वर केला आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला आणि हसराही. भाऊ भिंतीकडे तोंड करून उगीचच वायर गुंडाळत होते. आई त्यांच्याजवळ गेली.

“भाऊ,” ती म्हणाली, “त्येवडंच परत लावा.”

“पहिल्यापासून लावतो की, वहिनी. बसा तुम्ही.”

“न्हाई, त्येवडंच,” आई म्हणाली. आणि ती बसली नाही. वळली, आत गेली आणि ओट्यापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

“हं,” ती आतून म्हणाली. “लावा आता.”